घड्याळजींचं डोकं

"नाक अजून थोडं कमी करा," मधली बहीण म्हणाली, आणि पाटीवाल्याने पुन्हा कानस उचलली.

हे नाक सकाळपासून कमीच होत होतं. थोरल्या भावाला ते सरळ हवं होतं, म्हणून आधी त्याचा उंचवटा गेला. मग धाकट्याला शेंडा बोजड वाटला, तोही गेला. आता मधलीचं म्हणणं होतं की बाबांच्या नाकपुड्या एवढ्या फुगीर नव्हत्याच. तिघंही बोलताना नकळत स्वतःच्याच नाकाला हात लावून दाखवत होती, आणि तिघांची नाकं तीन तऱ्हेची होती. पाटीवाल्याच्या अगदी नाकी नऊ आले होते.

उद्या सकाळी दुकान पुन्हा उघडायचं होतं. घड्याळजी गेल्यापासून ते बंदच होतं. आता तिघं भावंडं मिळून चालवणार होती, आणि दारावर वडिलांचं कोरीव डोकं हवं, हे त्यांनी एकमताने ठरवलं होतं. एकमत तिथेच संपलं होतं. दुकानाच्या नावाची पाटी कोरून, रंगवून भिंतीला टेकून उभी होती. घोडं अडलं होतं ते डोक्यापाशी. दिवस मावळायच्या आत त्याला रंगाचा पहिला हात लागला नाही, तर उद्या दारावर नुसतं नावच लागणार होतं.

लाकूड असतं तर पाटीवाल्याला नाही म्हणायला जागा होती. रेषे आडवे जातात, तडकेल, असं काहीतरी सांगून त्याने या लोकांना केव्हाच घरी पाठवलं असतं. पण हा पडला युरेथेनचा, म्हणजे कडक फोमचा बोर्ड. पावसापाण्यात कुजत नाही, उन्हात तडकत नाही, आणि कानस फिरवाल तिकडून मुकाट झिजतो. गिऱ्हाइकाला हे एकदा कळलं की संपलंच. धाकट्याने तर विचारून घेतलं होतं, की जास्त गेलं तर परत चिकटवता येतं ना. येतं, असं पाटीवाला बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. त्यानंतर एक अख्खं नाक नव्याने चिकटवून झालं होतं.

"आणि हसू जरा दिसू दे," मधली म्हणाली. "बाबा नेहमी हसतमुख असायचे."

"कधी?" धाकट्याने विचारलं.

मधली रडायच्या बेताला आली. थोरल्याने मध्ये पडून सांगितलं की हसू काय असेल ते असू दे, पण आधी ती मान सरळ करा; बाबा काय चोरी करून आलेत का, असं खाली मुंडी घालून बसायला?

इथे मात्र पाटीवाला हटला नाही. डोकं दारावर उंच लागणार, तो म्हणाला. सरळ कोरलं तर रस्त्यावरच्या माणसाला हनुवटी दिसेल आणि ज्यांच्यावरून एवढं चाललंय त्या नाकपुड्या दिसतील. उंचावर लावायचं डोकं खाली वाकवूनच कोरतात. मान अशीच राहील, बाकी काय हवं ते तासून घ्या. हे तो जरा चढ्या आवाजातच बोलला, आणि बोलल्यावर त्याला फार बरं वाटलं.

आई एवढा वेळ दारापाशी खुर्चीवर बसून होती. मुलांनी तिला सोबत आणलं होतं खरं, पण विचारलं काहीच नव्हतं. आता थोरल्याला तिची आठवण झाली. तिला उठवून टेबलापाशी आणलं, आणि आई आपलीच बाजू घेणार या खात्रीने तिघंही तिच्याकडे पाहू लागली. पाटीवाल्याने दिवा ओढून चेहऱ्यावर उजेड पाडला. हिने तरी एकदाचं हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

आईने चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळखीचं कोणीतरी समोर यावं आणि नाव आठवू नये, तशी तिची नजर झाली. पाटीवाल्याने ओळखलं, हाही चेहरा गेला. तिघांचं पुन्हा एकदम सुरू झालं. त्या गलक्यातच ती टेबलाला वळसा घालून मागे गेली.

डोकं भिंतीबाहेर काढलेल्या दांडीवर बसून रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दिसणार होतं, म्हणून पाटीवाल्याने ते मागूनही पूर्ण कोरलं होतं. मागून काढलेला फोटो कोणाकडेच नव्हता, तेव्हा ती बाजू त्याने मनानेच केली होती. वाकलेली मान, तिच्यावर वर आलेलं मणक्याचं हाड, कॉलरच्या वर थोडी सैल कातडी. तिच्यात कोणी दुरुस्ती सांगितली नव्हती, कारण तिघांपैकी कोणी मागे गेलंच नव्हतं.

आईने मानेवर चिकटलेला भुसा तळहाताने झटकला, केस कापून आलेल्या माणसाची मान झटकावी तसा. मग हात तिथेच ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण बोलली ती वैतागून.

"काय केव्हाचं नाक नाक लावलंय? इथे आहेत ते."

थोरल्याने जपून विचारलं, पुढून नाही का वाटत?

"पुढून त्यांना गिऱ्हाइकांनी पाहिलं," आई म्हणाली. "मी आतल्या दारातून चहा घेऊन यायचे, तेव्हा हे असेच. डोळ्याला भिंग लावून, वाकलेले. वळून म्हणून बघायचे नाहीत. जन्मभर मी या मानेशीच भांडले."

मग ती पाटीवाल्याकडे वळली. "चेहरा यांना हवा तसा करून द्या. मानेला हात लावू नका."

दिवस कलला होता. पाटीवाल्याने रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि तिचा हात निघायची वाट पाहत उभा राहिला.