एक्केचाळीस नंबरचा चेहरा

फेब्रुवारीत एक्केचाळीस नंबरचा चेहरा धाडकन खाली आला. सातपैकी जेमतेम तीन गुण. मारिटने आकडे दोनदा तपासले, तिसऱ्यांदा तपासले, आणि कपाळाला हात लावला.

"सर, माझा प्रबंध बुडाला," ती म्हणाली.

प्रोफेसर ऑस्गुड टेबलावरचे कागद उलटेपालटे करत होते. "थांब जरा. माझा चष्मा कुठे गेला?"

"डोक्यावर आहे तुमच्या," दारातून आर्डिसबाई म्हणाल्या. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! एक महिना मी नाही, तर ही तऱ्हा."

आर्डिसबाई म्हणजे विभागाच्या बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या. गुडघ्याचं ऑपरेशन करून कालच कामावर आल्या होत्या. हातातला गरम चॉकलेटचा कप त्यांनी मारिटसमोर ठेवला आणि काठी टेकत परत गेल्या.

चॉकलेट प्यायचीही इच्छा मारिटला नव्हती. दहा दिवसांनी समितीपुढे उभं राहायचं होतं. मे महिन्यात शिष्यवृत्ती संपत होती. आणि तिने सगळा डोलारा उभा केला होता तो या एका चेहऱ्यावर.

तिच्या विषयातल्या शहाण्यांचा लाडका सिद्धांत असा, की माणसाच्या डोळ्याला सुंदर वाटतं ते तारुण्य, नितळ कातडी, डावं-उजवं सारखं. आपले पूर्वज जोडीदार निवडताना हेच बघत आले, म्हणून आपणही बघतो. मारिटला हे अर्धवट वाटायचं. मग पन्नाशीनंतरचे चेहरे काय गेले खड्ड्यात?

विभागात इथल्याच, डुलुथ गावच्या साठ बायकांचे फोटो पडून होते, सगळ्या पन्नाशीपुढच्या. मारिट यायच्या आधी सरांनी काढवून घेतलेले. केस काळ्या टोपीखाली, चष्मा नाही, कानात काही नाही, हसायचं नाही. केस आणि चष्मा काढला तर सख्खा शेजारीही चटकन ओळखू येत नाही, हे सर पहिल्याच तासाला शिकवत. मारिटने ते फोटो घेतले आणि दर महिन्याला नवी माणसं बोलावून त्यांच्याकडून प्रत्येक चेहऱ्याला सौंदर्याचे गुण घेतले. तिच्याखेरीज आणि त्या माणसांखेरीज चेहऱ्यांच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा कडक नियम.

सप्टेंबर ते जानेवारी, पाचही महिने एक्केचाळीस नंबर पहिला. सहाच्या खाली कधी आलाच नाही. आणि गंमत म्हणजे मापं घेतली तर त्यात काही नाही! नाक किंचित वाकडं, एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक, गालांवर सुरकुत्यांचं जाळं. तरी कडाक्याच्या थंडीतून आलेली माणसं त्या चेहऱ्यापाशी थबकायची. "किती छान बाई आहे," एक मच्छीमार म्हणाला होता, "हिच्याजवळ नुसतं बसून राहावं."

मारिटचीही तीच गत. जीव कंटाळला की ती तो फोटो उघडून बसायची. त्या डोळ्यांत काय होतं देव जाणे, पण बघितलं की बरं वाटायचं. म्हातारपणीही चेहरा जिंकू शकतो, याचा तिच्याकडे जिताजागता पुरावा होता.

आणि आता तीन गुण.

तिने पडदा बदलून पाहिला. दिवे मोजून पाहिले. फेब्रुवारीतली माणसंही तशीच, कुणी विद्यार्थी, कुणी गावातले. बाकी एकोणसाठ चेहरे जागच्या जागी. पडला तो हाच एक.

"चेहरा काय महिन्यात कुरूप होतो का, सर? फोटो आहे तो!"

"होत नाही," चष्मा पुसत सर म्हणाले. "म्हणजे फोटोत जे नाही तेच बदललं असणार. त्या बाईलाच गाठ ना. बोल तिच्याशी."

"कशी गाठू? साठांत तिचाच तेवढा अर्ज नाही फाइलमध्ये."

सर ओशाळले. "अरे हो. त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं. एक्केचाळिसावी बाई आलीच नाही. दिवे लावलेले, फोटोग्राफर निघायच्या घाईत. मी म्हटलं, जी कुणी सापडेल तिला बसवा. कोण बसलं, शपथ सांगतो, आठवत नाही. मी तेव्हा गाडी बर्फातून उकरत होतो."

"सर!"

"रागावू नकोस. आर्डिसला विचार. इथे आलेल्या माणसाच्या कुत्र्याचं नावही तिला पाठ असतं."

मारिट धावतच बाहेर आली. टेबलावर दालचिनीच्या रोलचं रिकामं ताट होतं. आर्डिसबाई घरी निघाल्या होत्या. पाठमोऱ्या उभ्या राहून कोटाची बटणं लावत होत्या.

"आर्डिसबाई, थांबा! माझं सगळं एका बाईवर अडलंय."

"ऐकतेय गं पोरी. आवरता आवरता ऐकते, बस चुकेल." त्यांनी कानातले डूल काढून खिशात टाकले. "थंडीत टोचतात मेले. तुला कळलं का, माझ्या जागी आलेल्या त्या मुलीने महिनाभर कुणाला साधं 'या, बसा' म्हटलं नाही. तुझे फोटो बघायला गोठून आलेली माणसं! चॉकलेटचा डबा जसाच्या तसा भरलेला. मला बाई कसंसंच झालं."

"बर्फाच्या वादळातला तो फोटो," मारिटला धाप लागली होती, "तुम्हाला आठवतं का, त्या दिवशी खुर्चीवर कोण—"

बाहेर भुरभुर बर्फ पडत होता. आर्डिसबाईंनी जाड काचांचा चष्मा काढून डबीत ठेवला, पांढरे कुरळे केस आत खोचत काळी लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि, "कोण म्हणालीस?" असं विचारत त्या वळल्या.

मारिटच्या समोर, हातभर अंतरावर, एक्केचाळीस नंबर उभा होता.