शेंदराखालचा दगड

"हा जवला उचल आदी, जमने!" देवजी कडाडला. "पुरातत्त्वाच्या मॅडम येतान. नाकाला रुमाल लावून उब्या ऱ्हातील."

जमुना खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिची सासू, सासूची सासू, सगळ्याजणी याच मोकळ्या मैदानात मासळी सुकवत आल्या होत्या.

"देवजीदादा, अर्दा ओला हाय अजून. कुटं नेऊ?"

"कुटं बी ने. जागा आमची हाय."

जमुना ओला जवळा टोपलीत भरू लागली. देवजीनं तिचं जाळं पायानं बाजूला सारलं. आज त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मैदानाच्या कडेला कंटेनर यार्डवाल्यांचा जेसीबी येऊन उभा होता. देवजीच्या जासई गावची शेतं या लोकांनी केव्हाच गिळली, आणि आता त्यांना देवीच्या मैदानावरही ट्रक लावायचे होते. म्हणे कागदावर मैदान कुणाच्याच नावावर नाही! देवजीच्या अंगाचा तिळपापड होत होता. त्याचं घराणं दर वर्षी देवीला शेंदराचा लेप देत आलं, ते काय दुसऱ्याच्या जागेत?

देवीचा दगड जुना आहे असं पुरातत्त्व खात्यानं एकदा म्हटलं, की खोदकाम बंद. त्यासाठी देवजीनं खात्यात खेटे घालून चपला झिजवल्या होत्या.

अर्पिता मॅडम आल्या. शेंदरानं माखलेल्या देवीभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "शेंदूर काढावा लागेल. त्याशिवाय काही सांगता येणार नाही."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर देवजीनं त्याची गचांडी धरली असती. पण पलीकडे यार्डाचा सुपरवायझर दात काढत होता.

"काढा," देवजी म्हणाला.

शेंदराची जाड खोळ निखळून पडली. आत काळा दगड निघाला. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरांच्या ओळी, तळाशी गाढव.

"गाडव?" देवजी भडकला. "आमचे देवीला गाडव?"

"ही देवी नाही, काका. याला गधेगाळ म्हणतात. राजा जमीन दान द्यायचा तेव्हा असा दगड रोवायचे. जमीन कुणाला दिली ते त्यावर लिहायचं, आणि जो ती हिसकावेल त्याला खाली शिवी." मॅडमनी भराभर फोटो काढले. "आठशे वर्षं तरी जुना आहे. फार मोठा शोध आहे हा. इथं आता कुणाला फावडंसुद्धा लावता येणार नाही."

देवजीला भरून आलं. डोळे पुसून तो यार्डवाल्यांकडे वळला.

"ऐकलास काय रं? राजानं दिलेली जागा हाय! मॅडम, वाचा. मोट्यानं वाचा, ह्या चोरांना ऐकू दे!"

जेसीबीवाला खाली उतरून आला. टोपली कमरेवर घेऊन निघालेली जमुनाही थबकली.

मॅडमनी अक्षरांवर बोट ठेवलं. भाषा जुनी होती. एकेक ओळ लावून त्या आजच्या मराठीत मोठ्यानं सांगू लागल्या.

"ही वाळवणाची भूमी... खाडीच्या कोळ्यांना दिली. चंद्र-सूर्य आहेत तोवर त्यांचीच. जो कोणी त्यांना इथून उठवील, त्याच्या आईला..."

त्या थांबल्या.

"काका, पुढचंही मोठ्यानं वाचू?"