सूर चढवताना

निवृत्त इंजिनिअर देवस्थळी तीन दिवस एका बझरशी झगडत होते. तो वाजवणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपने सूर चढवला की बझर क्षणभर मुकाच व्हायचा. आज चूक सापडली. सूर चढला की चिपमधल्या टायमरची मर्यादा खाली यायची, पण मोजणी आधीच तिच्यापुढे गेलेली असायची, मग ती पार शेवटापर्यंत धावत राहायची आणि तोवर बझर गप्प. त्यांनी सूर बदलतानाच मोजणी शून्यावर आणली आणि तो न तुटता चढला.

हे सांगायचं कुणाला? घरात ते एकटेच. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची निलोफर दारात आली.

"काका, सकाळपासून हे टीं टीं काय चाललंय?"

त्यांनी उत्साहाने सगळं सांगितलं. तिने उभ्याउभ्याच ऐकलं.

"सापडली ना चूक? मग आता बंद करा हो."

त्यांनी बझर बंद केला. ती जिना उतरली, खाली तिचं दार लागलं, तरी देवस्थळी आपलं दार धरून उभेच होते.