उजवीकडची शिलाई

"आता मी जे सांगणार ते तुला पटणार न्हाई, पोरी. आजवर कुणालाच पटलं न्हाई," म्हातारा म्हणाला.

मुदखेडच्या फलाटावर गाडी दीड तास उशिरा होती. अंजूच्या मांडीवर चित्रकादंबरी उघडी होती, हातात पेन्सिल. चित्रकथा गोष्ट कशी सांगते, यावर आपण प्रबंध लिहितो आहोत, एवढंच तिनं बाकावरच्या या अनोळखी म्हाताऱ्याला सांगितलं होतं. तेवढं पुरलं. बाकाच्या टोकाला चतुराबाई बसली होती. माहूरहून परतत होती, मांडीवर प्रसादाची पिशवी.

"मी गुंडप्पा. नांदेडला कॉलेजात शिपाई होतो. तुझ्यासारखीच एक पोरगी होती तिथं, शिवकन्या. विषयबी हाच. दोन चौकटींच्या मधी कोरी पट्टी असती ना, तिच्यात वाचणारा आपल्या मनानं काय भरतो, ते तिनं चार वर्षं शोधलं. डिग्री मिळाली की लातूरला नोकरी ठरलेली. अन् परीक्षा घ्यायला बसला कोण? मल्लिनाथ सर!"

नाव घेताना त्याचं तोंड कडू झालं.

"कोण होते ते?"

"गाढव. कोट घातलेलं गाढव. चित्रं बघणं म्हंजे बालवाडी, म्हणायचा. प्रबंध वाचलाच न्हाई त्यानं. तोंडी परीक्षेच्या दिवशी मधलंच एक पान उघडलं. जुन्या उर्दू मासिकाच्या कव्हरवर पैलवानाची चित्रकथा होती, तिची झेरॉक्स. बोट ठेवून म्हणतो, 'तुम्ही लिहिता, पैलवान शेवटी मरतो. इथं तर आधी तिरडी, अन् शेवटच्या चौकटीत गडी दंड थोपटून उभा! तुम्हाला साधी चित्रं वाचता येत नाहीत?'"

अंजू हसली. "अहो, उर्दू उजवीकडून वाचतात. चौकटीसुद्धा."

"तुला कळलं. त्या गाढवाला न्हाई. पोरगी तेच सांगाय गेली, तर हात वर केला. मधी बोलायचं न्हाई! मग स्वतः बोलत सुटला. मेलेला माणूस उठत न्हाई, ह्यावर दीड तास. दीड तास, पोरी!"

"आणि कोणीच अडवलं नाही?"

"मी होतो की! पाण्याचे ग्लास घेऊन उभा. मी आधी उर्दू छापखान्यात बाइंडिंगला होतो. एक अक्षर वाचता येत न्हाई, पण शिलाई कुठं असती ते हाताला ठाऊक. झेरॉक्समधी कव्हरच्या उजव्या कडेला शिलाईची काळी रेघ उठली होती. म्हणलं, 'सर, शिलाई उजवीकडं हाय. तुम्ही शेवटून वाचून राहिले.'"

"बाप रे. मग?"

"मग काय! पोटात खड्डा पडला त्याच्या. कोटाच्या आत बनियन भिजून अंगाला चिकटलं. कानात नुसतं घुं घुं."

"बनियन तुम्हाला कसं दिसलं हो काका?"

"शिपायाला सगळं दिसतं. ऐक तर. उठला, सगळ्यांसमोर पोरीला म्हणला, चूक माझी. तिथंच सही केली. पोरगी माझ्या घरी पेढे घेऊन आली."

"खोटं बोलून राहिले तुम्ही," चतुराबाई मोठ्यानं म्हणाली.

अंजूनं वळून पाहिलं. म्हातारा रुळांकडं बघू लागला.

"शिपाई बोलले, एवढं खरं. 'पाणी ठेव अन् चालता हो,' म्हणून त्यांना खोलीबाहेर काढलं. सही झालीच न्हाई. पोरगी जिना उतरली ती पुन्हा कॉलेजात फिरकली न्हाई. मी डबा घेऊन जिन्याखालीच उभी होते."

"मावशी, म्हणजे तुम्ही गुंडप्पाकाकांना ओळखता?"

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"त्या शिपायाचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, माय. ते आमचे मालक हायत. घरी खाटेवर बसून माझी वाट बघून राहिले असतील. अन् हे इथं बसलेत ते मल्लिनाथ सर."