वाघीण संकष्टी करते

वाघीण दुधाच्या डेअरीपाशी उभी होती. सकाळी सव्वासहा वाजता. निदान लॅपटॉपवरचा लाल ठिपका तरी तसंच सांगत होता.

गावातल्या आपल्या खोलीत बसून वृषालीनं डोळे चोळले आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ठिपका डेअरीवरून निघाला, साडेदहाला शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि दुपारपर्यंत तिथून हलला नाही. गेले नऊ दिवस जवळजवळ हेच.

राजुरीच्या उसात राहणाऱ्या त्या बिबट मादीला गाव वाघीणच म्हणायचं. तिच्या गळ्यात वृषालीच्या संस्थेनं अभ्यासासाठी पट्टा घातला होता. पट्ट्यातली डबी दर पाव तासाला जागा कळवायची आणि वृषालीनं पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट ती जागा नकाशावर मांडायची. चार महिने वाघीण शहाण्यासारखी वागली. दिवसा उसात झोप, रात्री फेरी. आता ती भरदिवसा फिरायला लागली होती, तेही शाळेत. आज, नऊ दिवसांनी, नकाशा उघडून बघितल्याबरोबर अकराच्या आत शाळा सोडून दिली. वनखात्याची पिंजऱ्याची गाडी रस्त्यावर येऊन थांबली. नकाशा बरोबर आहे असं वृषालीनं म्हटलं की वाघीण जन्मभर गजाआड, आणि तिची दोन पिल्लं उसात उपाशी. चुकलाय म्हटलं आणि तो चुकलेला नसला तर? तो विचार ती पुरा करत नव्हती.

"शाळंत सगळं पालथं घातलं मॅडम," नवनाथ आत येत म्हणाला. हा संस्थेचा वाटाड्या. "वाघाचा केस बी न्हाई. कोंडाबाई तेवढी खिचडी ढवळत व्हती. तिनं बी काय बघितलं न्हाई."

गळ्यातला खिळ्यांचा पट्टा काढून त्यानं टेबलावर ठेवला. वाघ आधी नरडं धरतो, म्हणून हल्ली इकडं माणसं गळ्यात काहीतरी घातल्याशिवाय रानात पाऊल टाकत नाहीत. कुणी लोहाराकडून करून घेतं, कुणी घरच्या कुत्र्याचा उतरवून घालतं.

वृषालीनं सगळ्या वाटा तपासल्या होत्या. डबी ग्रीनिचची वेळ पाठवते, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. विसरलं किंवा दोनदा मिळवले तर सगळ्या वेळा सरकतात. एकदाच मिळवले होते. अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे झाले तर राजुरी थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. राजुरी राजुरीतच होती. मग तिनं वेग काढला, आणि कपाळाला हात लावला.

"परवा संकष्टीला ती ताशी चाळीसनं ओझरला गेली."

"वाटंत कुठं थांबली का?"

"नारायणगावला. अर्धा तास."

"म्हंजी एसटी बदलली," नवनाथ गंभीरपणे म्हणाला. "आन् ओझरात?"

"गणपतीच्या देवळापाशी पाऊण तास."

"लई धार्मिक वाघीण हाय राव. रांगंतनं दर्शन घेतलं तिनं. माझी बायको बी एवढं करीत न्हाई."

वृषालीला हसू आलं नाही. "गेल्या आठवड्यात मंगळवारपर्यंत स्क्रिप्ट नीट चालते आणि बुधवारी तिला वेड लागतं, असं होत नाही, नवनाथभाऊ."

फोन वाजला. गाडीजवळून वनखात्याचे साहेब बोलत होते. "मॅडम, हो की नाही तेवढं सांगा. शाळेमागे पिंजरा उतरवू का?"

"दोन मिनिटं, साहेब," ती म्हणाली. त्याच वेळी नवा आकडा आला. सव्वातीन. ठिपका शाळेत नव्हता. चावडी आणि पार मागं टाकून तो आला होता, आणि आता ह्याच खोलीच्या दारात उभा होता.

नवनाथ उडी मारून टेबलावर चढला. घाईघाईनं त्यानं पट्टा गळ्यात अडकवला तो उलटा, खिळे आत. वृषालीनं लॅपटॉप छातीशी धरला. बाहेर काहीतरी धापा टाकत होतं.

दार धाडकन उघडलं.

"शाळा सोडायची व्हती तर आदी सांगाया तोंड न्हवतं का?" हातात भलंथोरलं पातेलं घेऊन कोंडाबाई आत आली. "शंभर पोरांची खिचडी, ती काय म्या एकलीनं खाऊ? आन् तू रं मुडद्या, टेबलावर काय नाचतोस?"

तिनं पातेलं खाली ठेवलं आणि गळ्याभोवती गुंडाळलेला पदर सोडून घाम पुसला. पदराखाली रुंद काळा पट्टा होता. पुढं डबी, मागं सुतळीची गाठ, आणि टोचू नये म्हणून आतून शिवलेली हिरव्या लुगड्याची चिंधी.

नवनाथ "आई गं" म्हणाला, पण ते खिळ्यांमुळं.

वृषालीनं लॅपटॉप खाली ठेवला. फोन अजून चालूच होता. "साहेब, पिंजरा परत न्या. नकाशा अगदी बरोबर आहे, आणि शाळेत वाघ कधी आलेलाच नाही. सांगते सगळं." मग ती हळूच म्हणाली, "कोंडाबाई, हा पट्टा कुठं मिळाला?"

"बांधाला पडल्याला गावला, मागल्या आठवड्यात बुधवारी. का? कुणाचा हाय?" कोंडाबाईनं डबीवरून प्रेमानं हात फिरवला. "लई गुणाचा हाय बाई. रोज गवताला गेलं की वाघीण पिल्लं घिऊन समोर हुबी ऱ्हाती, माझ्या गळ्याकडं टकामका बघती, आन् गुमान उसात निघून जाती."