तुळजाबाईंचे वार

हसनाबादच्या म्हाताऱ्या तुळजाबाईंना ना लेकरू होतं, ना डोक्यावर छप्पर. गावानं त्यांचे वार लावून दिले होते. रोज एका घरी जेवण आणि तिथंच मुक्काम. पुढं सरकारी खर्चानं निराधार म्हाताऱ्यांसाठी चावडीशेजारी एक खोली उभी राहिली आणि तिची किल्ली तुळजाबाईंच्या हाती आली.

"माय, आता कुणाच्या दारी जायचं बिलकुल काम न्हाई!" गुरुवारच्या घरचे काकासाहेब हौसेनं म्हणाले.

दिवेलागणीला तुळजाबाईंची पावलं सवयीनं काकासाहेबांच्याच घराकडं वळली, कारण तो गुरुवार होता. त्यांनी ती आवरली आणि त्या नव्या खोलीच्या उंबऱ्यावर एकट्याच येऊन बसल्या. घर मिळालं होतं, पण सात घरची माणसं एका दिवसात गेली होती.

तेवढ्यात काकासाहेबांची सून उषाबाई भाकऱ्या आणि वाकळ घेऊन दारात उभी राहिली.

"सरक गं माय. गुरुवार आमचा हाय ना? इतकी वर्सं तू आलीस, मंग आता म्या आले!"

दुसऱ्या दिवशी शुक्रवारच्या घरची सून तर दुपारीच वाकळ घेऊन तुळजाबाईंच्या खोलीकडं निघाली. सासूला म्हणाली, "माहेरी चालले!"