कोलकात्याचं पत्र

निरोपसमारंभाहून येऊन मेश्राम सरांनी खांद्यावरची शाल काढली, तेवढ्यात प्रफुल दारात उभा राहिला. ठेकेदाराच्या कामगारांचा निळा गणवेश, काखेत हेल्मेट, हातात पेढ्यांचा डबा. स्टील प्लांटमध्ये दुपारी दोनची शिफ्ट होती. सकाळी कॉलेजात येता आलं नाही, म्हणून कामावर जायच्या आधी खुर्सीपारहून तो सरळ रिसालीला सरांच्या घरी आला होता.

"ये बाबू, बस," सर म्हणाले.

विजयाकाकूंनी पाणी आणलं. समारंभ त्यांच्या डोळ्यांतून अजून उतरला नव्हता. "प्रिन्सिपल साहेब किती बोलले रे! हे कोलकात्याले आठ वर्षं फुटबॉल क्लबात खेळले, गुडघा गेल्यावर इथं येऊन सत्तावीस वर्षं पोरं घडवली, सारं सांगितलं. अन् विद्यापीठाचा कप! आपल्या कॉलेजले तो एकच कप. फायनलचे दोन्ही गोल प्रफुल डोंगरेचे, असं नाव घेऊन सांगितलं."

"हो काकू. माझेच होते," प्रफुल म्हणाला.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. प्रफुलने पाणी संपवलं, पेला खाली ठेवला.

"सर, आता तुमी रिटायर झाले म्हणून विचारून राहिलो. त्या कपाच्या साली कोलकात्याहून माझ्यासाठी पत्र आलं होतं न?"

सरांनी काढलेली शाल घडी करायला घेतली. पत्र आलं होतं. त्यांच्याच जुन्या क्लबाचं, कॉलेजच्या पत्त्यावर, त्यांच्या नावानं. डोंगरेला पंधरा दिवसांत ट्रायलला पाठवा. त्यांनी ते खेळाच्या सामानाच्या खोलीत उभ्याउभ्या वाचलं आणि फाडून टाकलं. त्याला बारा वर्षं झाली होती.

"तुले कोणी सांगितलं?"

"क्लबाचे घोषबाबू दुर्गले टूर्नामेंट पाहाले आले होते. मले ओळखलं त्यांनी. म्हणे, लड़का, तू आया क्यों नहीं? तेरे लिए होस्टल में खाट रखी थी."

"कधी?"

"नऊ साल झाले. तवर बाबा गेले होते, मी ठेक्यावर लागलो होतो. खेळ सुटला होता."

नऊ वर्षं. या नऊ वर्षांत गुरुभेटीची एकही आषाढी पौर्णिमा प्रफुलने चुकवली नव्हती. याच खुर्चीवर बसायचा, चहा प्यायचा, पोरांचा खेळ कसा चालला आहे ते विचारायचा आणि जायचा.

"मंग बोलला कावून नाही?"

"वाट पाहत होतो. मले वाटे, या साली सर सोताच सांगतील." प्रफुल खुर्चीत पुढे सरकला. "मी मायले सांगून ठेवलं आहे, सर. क्लबवाल्यांनी सरांना इंजेक्शनं देऊदेऊ खेळवलं. गुडघा कामातून गेला तसं मोकळं केलं. आपल्या पोराचं तसं होऊ नये, म्हणून सरांनी पाठवलं नाही. माय म्हणते, मंग माणूस भला आहे. तसंच होतं न?"

हेच सरांनी स्वतःलाही बारा वर्षं सांगितलं होतं. सांगून सांगून ते जवळजवळ खरं झालं होतं. आता नुसती मान हलवायची होती. समोरचा तेहेतीस वर्षांचा माणूस त्या एका होकारासाठी ताटकळून बसला होता. तो मिळाला असता तर त्याने आनंदाने चहा घेतला असता, पुढच्या पौर्णिमेलाही आला असता.

"नाही," सर म्हणाले. "तसं नव्हतं. त्या साली टीम फायनलले जाईल असं दिसत होतं. तू गेला असता त टीम राहत नव्हती. गुडघ्याचं कारण मी मागाहून जुळवलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे कपासाठी."

"हो."

"अन् तो मी जिंकून देल्ला."

"हो बाबू."

प्रफुलने आवाज चढवला नाही. हेल्मेटचा पट्टा तो बोटाभोवती गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"एकवीस वर्षांचा होतो मी, सर. तुमी सांगान ते करत होतो. हातात पत्र देऊन नुसतं म्हटलं असतं न, प्रफुल, फायनलपर्यंत थांब, त मी थांबलो असतो. ट्रायल गेली त गेली म्हटलं असतं."

सरांना ते ठाऊक होतं. आज नव्हे, त्याच दिवशी, पत्र फाडतानाही ठाऊक होतं.

काकू चहा घेऊन आल्या. प्रफुल उठला, त्यांच्या हातातून कप घेतला आणि उभ्यानेच शेवटच्या घोटापर्यंत प्याला. "येतो काकू," म्हणाला. सरांकडे न पाहता पायऱ्या उतरला.

सर गुडघा सांभाळत फाटकापर्यंत गेले. "प्रफुल," त्यांनी हाक मारली. तो थांबला, पण वळला नाही. क्षणभराने तो चालू लागला.

रस्त्यावर शाळकरी मुली फुटबॉल खेळत होत्या. एकीचा फटका चुकला आणि बॉल घरंगळत येऊन प्रफुलच्या बुटाला लागला.

"भैया, मारो ना इधर!" मुलगी ओरडली.

प्रफुल पायाशी थांबलेल्या बॉलकडे पाहत राहिला. मग त्याने हेल्मेट खाली ठेवलं, वाकून दोन्ही हातांनी बॉल उचलला, चालत चालत त्या मुलीपर्यंत गेला आणि तिच्या हातात दिला.